पपईला लावलेला बोल

सोलापूर-मैंदर्गी गाडीवर दिपाली कंडक्टर असली की नेहमीचे प्रवासी जरा सरळ बसायचे. ती कधी ओरडायची नाही. थोराड पोराला मांडीवर घेऊन "अजून शाळेत घातला नाही, बाई" असं सांगणारी आई भेटली, तर दिपाली आईशी बोलायचीच नाही. पोराकडं वाकून विचारायची, "कितवीत रं तू?" पोरगं छाती फुगवून "सहावीत!" म्हणायचं, सगळी गाडी हसायची आणि आई निमूट पदराची गाठ सोडायची.

कुणी काही सांगितलं की तिचा पहिला शब्द असायचा, "कशावरनं?" ही सवय माहेरची. मैंदर्गीला त्यांच्या घरात कानडी बोलत, शाळेत मराठी, आणि दिपालीची आई मल्लव्वा दोन्हींत भांडायची. नवरा लवकर गेल्यावर मल्लव्वानं शेरडं राखून पोरीला शिकवलं. दारात कुणी काही गळ्यात मारायला आलं, मग तो बोकड असो की पोरीसाठी आणलेलं स्थळ, चार उलटे प्रश्न विचारल्याशिवाय ती त्याला पाणी विचारत नसे. दिपाली त्याच वळणावर गेली. एसटीत लागली, पुढं लग्न होऊन सोलापुरात अक्कलकोट रोडला आली. नवरा सिद्धनाथ टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जायचा. सासर मूळचं सांगोल्याकडचं, मेंढरांचं घर. सासरे जोतिराम म्हातारपणी पोराकडं शहरात आले, तरी घोंगडी काही सुटली नव्हती. सासू बनाबाई. तिला दिपाली आत्या म्हणायची.

अशा या चौकस बाईला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि तिचं ते "कशावरनं" कुठं गेलं, ते तिचं तिलाच कळेना.

पहिल्या खेपेला काय झालं ते आधी सांगायला हवं. तेव्हा ती मोडनिंबच्या गाडीवर होती. तिसरा महिना चालू होता, घराबाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. उन्हाचे दिवस, पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. मोडनिंबच्या स्टँडवर एका गाड्यावर पिकलेली पपई कापून मांडलेली होती, वर तिखटमीठ भुरभुरलेलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडाला पाणी सुटलं. गाडी सुटायच्या आत तिनं उभ्या उभ्या ती खाल्ली. पोट शांत झालं. परतीच्या वाटेवर ती चक्क गुणगुणत होती, असं ड्रायव्हरनं नंतर सांगितलं.

दोन दिवस गेले आणि कंबर धरली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर सासरे, थोरले दीर आणि आणखी कोण कोण बसले होते. बनाबाई आत आली, सुनेच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "भाईर काय खाल्लं हुतंस का गं?"

ग्लानीतच दिपाली म्हणाली, "पपई."

"पपई!" बनाबाईनं कपाळावर मारून घेतलं ते पार जिन्यापर्यंत ऐकू गेलं. मग ती बाहेर गेली आणि जो येईल त्याला तेच सांगत बसली. "पपई खाल्ली पोरीनं. पपईनं घात केला, दुसरं काय न्हाय." भेटायला आलेल्या बायकांनी माना डोलावल्या. मैंदर्गीहून मल्लव्वा आली, तिलाही आत येण्याआधी बाहेरच पपई कळली.

दिपालीनं तेव्हा कशावरनं विचारलं नाही. अंगात त्राण नव्हतं हे एक. दुसरं म्हणजे, आपल्या पोटातलं गेलं त्याला काही कारण होतं हे ऐकून तिला कुठंतरी धरायला खुंटी मिळाल्यासारखं झालं होतं. ती खुंटी आपल्याच छातीत ठोकलेली आहे हे हळूहळू कळलं. पुढं दोन वर्षं पपईचा गाडा दिसला की ती रस्ता ओलांडून पलीकडं जायची. सिद्धनाथला वाटायचं, हिला वास सहन होत नाही. तिनं त्याला काही सांगितलं नाही. आपली जीभ आवरली असती तर आज घरात पोर खेळलं असतं, हे नवऱ्याला कोणत्या तोंडानं सांगणार?

म्हणून या खेपेला ती सावध होती. पण सावध म्हणजे काय करायचं, हे कुणाला विचारावं ते कळेना, कारण न विचारताच सगळे सांगत होते.

बनाबाईनं केशर आणलं. दुधात घालून रोज घ्यायचं म्हणजे बाळ गोरंपान निपजतं. दिपालीनं पेला हातात घेतला, सासूकडं बघितलं, दारात बसलेल्या काळ्यासावळ्या सासऱ्यांकडं बघितलं आणि विचारलं, "आत्या, ह्यांच्या वेळंला तुमी केशर घेतलं न्हवतं का?"

"कुटलं केशर गं बाई? हुलगं शिजवून खायाचो. ताक मिळालं तर सण."

"मग हे कुणी सांगितलं?"

"सगळीच सांगत्यात की."

दिपाली हसली. आणि दूध प्यायली.

नणंद महानंदा पुण्याला असायची. ती मोबाइलवरच्या कसल्याशा आहाराच्या वर्गाला बसत होती. तिचा रोज फोन. "वहिनी, गहू एकदम बंद करा. गव्हात ग्लुटेन असतं."

"म्हणजे काय?"

"चिकट असतं ते. आतड्याला जाऊन बसतं."

"मग इतकी वर्षं चपात्या खाल्ल्या त्या तशाच चिकटून बसल्यात?"

"चेष्टा नका करू. दूधसुद्धा वाईट असतं. आमच्या मॅडम म्हणतात, माणसानं जनावराचं दूध पिणंच चूक आहे."

"आणि केशर?"

"केशर चांगलं. पण बदामाच्या दुधातनं."

मल्लव्वाचं म्हणणं वेगळंच. पोरीनं दोन जिवांचं खावं, भाकरी चुरून खावी, हुलग्याचं माडगं प्यावं. खजूर मात्र नको. "उष्ण असतंय. बेडा," असं ती फोनवर बजावायची. इकडं गाडीत दर सोमवारी अक्कलकोटला बांगड्या घेऊन जाणारी इमामबी तिच्या ओच्यात खजुराची पुडी टाकायची. "खा गे. खजूर से बच्चा ताकदवाला होता." एका बाईनं सांगितलं तीळ खाऊ नको. दुसरीनं सांगितलं नारळपाणी पी, पाणी वाढतं. तिसरी म्हणाली, नारळपाण्यानं सर्दीवालं बाळ होतं. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई रोज वळसंगपर्यंत यायच्या. शिकलेल्या, चष्मेवाल्या. त्या हळूच कानाशी येऊन म्हणाल्या, "दवाखान्यातल्या त्या लाल गोळ्या घेऊ नकोस हं. लोहाच्या असतात. बाळ काळं होतं."

"कशावरनं, मॅडम?"

"माझ्या भाचीचं झालं ना."

दिपालीनं हे घरी येऊन सिद्धनाथला हसत हसत सांगितलं. तोही हसला. "आपल्या घरात काळ्याला काळं काय हुणार," म्हणाला. पण त्या गोळ्यांनी पोटाला तडस लागायची, शौचाला त्रास व्हायचा. त्या आठवड्यात तिनं गोळी टाळली. मग पुढच्याही. मॅडमच्या भाचीमुळं नाही, पोटामुळं, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते किती खरं होतं, तिला ठरवता येईना.

तिच्या मनाचा कारभारच तसा झाला होता. कुणी काही खाऊ नको म्हटलं की आधी हसायची. मग ताट समोर आलं की मनात यायचं, आपण काही हे मानत नाही. पण नाही खाल्लं तर बिघडतंय काय? मागच्या खेपेला एवढंसं खाल्लं आणि... एवढ्यावर विचार थांबायचा आणि हात मागं यायचा. असं करत बाजरी गेली, तीळ गेले, मग शेपू, मग वांगं. महानंदाच्या मॅडमवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, तरी चपाती अर्धीच खाल्ली जाऊ लागली. शेंगाची चटणी पित्ताची म्हणून बाजूला, अंडं उष्ण म्हणून बाजूला. खायला सांगणारे पुष्कळ होते, आणि नको म्हणणारे त्याहून पुष्कळ. तिला नको म्हणणाऱ्यांचंच पटायचं, म्हणजे पटायचं नाही, पण ऐकलं जायचं. पोट वाढत होतं आणि मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या.

एका सकाळी वळसंग सोडून गाडी पुढं निघाली. दिपाली मागच्या बाकापासून तिकिटं फाडत पुढं येत होती. मधल्या दांड्याला धरलं, आणि तिला वाटलं गाडी एका बाजूला कलतीय. ती कुणाला तरी "पुढं सरका" म्हणाली. ते शब्द तिला स्वतःलाच लांबून ऐकू आले. मग एकदम पत्र्याचा गार स्पर्श. ती खाली बसली होती आणि तिच्या भोवती पायच पाय होते.

गाडी थांबली. ड्रायव्हर चांदसाब, निवृत्तीला आलेला माणूस, उडी मारून मागं आला. तोवर गाडीत भांडण जुंपलं होतं. एक म्हातारी म्हणत होती, लिंबूपाणी द्या. कुणी म्हणालं, लिंबू नको, गर्भाला आंबट नको, गूळ द्या. कुणी म्हणालं, गूळ गरम पडतो. "खजूर देव, खजूर," म्हणत इमामबी पिशवी उपसत होती. एका म्हाताऱ्यानं कांदा फोडून नाकाशी आणला, तर त्याच्याच बायकोनं त्याचा हात झटकला. दिपाली खाली बसून हे सगळं ऐकत होती. तिला हसू येत होतं आणि हसायला दम नव्हता.

"सब चुप बैठो," चांदसाब म्हणाला. मग गुडघ्यावर बसून तिला विचारलं, "बेटी, सुबे से क्या खाई?"

दिपालीनं आठवून बघितलं. केशराचं दूध. मग काय? चहा. आणि? तिला पुढं काही आठवेना. काल रात्रीचंही नीट आठवेना.

चांदसाबनं गाडी थेट अक्कलकोटच्या दवाखान्यात नेली. एकाही प्रवाशानं उशीर झाला म्हणून कुरकुर केली नाही. उलट दोघीतिघी तिच्याबरोबर आत आल्या आणि नर्सनं हाकलेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

तिथल्या डॉक्टरीण बाई वयानं दिपालीहून लहान दिसत होत्या. रक्त तपासलं. कागद बघून त्यांनी भुवया वर केल्या. "रक्त फार कमी आहे. गोळ्या घेत नाही का?"

दिपालीनं मान खाली घातली. सहावीतल्या पोराच्या आईसारखी आपली गत झाली, असं तिला वाटलं. मग तिनं सगळं सांगून टाकलं. केशर, ग्लुटेन, खजूर, काळं बाळ, उष्ण आणि थंड. डॉक्टरीण बाई हसल्या नाहीत. एकेकाचं उत्तर देत गेल्या. गोळीनं बाळाचा रंग बदलत नाही, फक्त शौचाचा रंग बदलतो. घरात शिजतं ते खा, भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं. तीळ चालतात. गव्हाचं काही बिघडलेलं नाही. नारळपाण्याचं विचारल्यावर म्हणाल्या, आवडत असेल तर प्या, नसेल तर नका पिऊ.

"आमच्या आगारात शिबिर झालं, तवा तुमच्या सिनियर मॅडम म्हणाल्या होत्या, रोज प्या."

डॉक्टरीण बाईंनी कागदावर गोळ्या लिहायला घेतल्या. "म्हणाल्या असतील. त्यानं वाईट काही होत नाही," एवढंच बोलल्या.

दिपाली उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. इतका वेळ जे विचारलं ते सगळं वरवरचं होतं. आतलं आत्ता ओठावर आलं.

"मॅडम, मागच्या खेपेला माझं गेलं. मी पपई खाल्ली होती. मोडनिंबला. त्यानंच गेलं का?"

"पिकलेली होती?"

"व्हय. चांगली पिकलेली. थोडीच खाल्ली."

"मग नाही. कच्ची, चिकाची पपई खाऊ नका असं आम्ही सांगतो. पिकलेल्या पपईच्या फोडींनी काही होत नाही. तिसऱ्या महिन्याच्या आत जे जातात ना, त्यातले बरेचसे मुळात धड धरलेलेच नसतात. ते जाणारच असतात. तुम्ही काही केलं म्हणून नाही."

"मग कशानं?"

"ते सांगता येत नाही प्रत्येक वेळी."

बाहेर येऊन दिपाली बाकावर बसली. खरं तर तिला हलकं वाटायला हवं होतं. दोन वर्षं पाठीवर घेतलेलं ओझं एका पोरसवदा डॉक्टरनं दोन वाक्यांत उतरवलं होतं. पण तसं झालं नाही. पपई होती तोवर सोपं होतं. पपई खायची नाही, की झालं. आता पपई नाही, तर मग काय टाळायचं? जे कशानं जातं तेच कळत नाही, ते राखायचं कसं? आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, तो रागाचा होता. मग दोन वर्षं मी कुणाच्या सांगण्यावरनं स्वतःला खात बसले?

आगारात अर्ज देऊन तिनं टेबलाची ड्यूटी घेतली. गोळ्या सुरू केल्या. जेवायला लागली, पण जेवताना सासूकडं बघेनाशी झाली. बनाबाई वाढायची, दिपाली खाली बघून खायची. म्हातारीला ते कळत होतं. तिनं एकदोनदा "लई गप हाईस गं" असं म्हणून बघितलं.

सुट्टीचा दिवस होता. सिद्धनाथ कामावर, जोतिराम बाहेर कट्ट्यावर. दुपारी बनाबाई तव्यावर शेंगदाणे भाजत होती. दिपाली पाट ओढून समोर बसली.

"आत्या, डॉक्टरीण म्हणाली पपईनं जात न्हाय."

बनाबाईचा हात थांबला नाही. उलथनं तसंच फिरत राहिलं. "म्हनली आसंल."

"तुमी सगळ्या गावाला सांगितलं. बाहीर बसलेल्या एकेकाला सांगितलं. माझ्या अव्वाला सांगितलं. दोन वर्षं झाली, मला झोपताना ती पपई दिसती. तुमाला कुणी सांगितलं हुतं? कशावरनं म्हणाला तुमी?"

कितीतरी दिवसांनी तो शब्द तिच्या तोंडातनं बाहेर पडला, तोही भलताच मोठ्यानं. बनाबाईनं गॅस बंद केला. दाराकडं बघितलं. कट्ट्यावरून जोतिरामच्या खोकण्याचा आवाज येत होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तू आत पडली हुतीस तवा भाईर काय बोलणं चाललं हुतं, तुला ठावं हाय का?"

"न्हाय."

"तुजा सासरा म्हनत हुता, गाडीच्या दनक्यानं गेलं. तुजा थोरला दीर म्हनत हुता, बाईमानसानं दिसभर हुबं ऱ्हायाचं, धक्कं खायाचं, मग पोट ऱ्हाईल कसं? नोकरी सोडाया लावा म्हनला. सिद्धू खाली मुंडी घालून बसला हुता. त्यो न्हाय म्हनला नसता, बापाफुडं. तू घरी आली असतीस ती नोकरी सोडूनच." तिनं तव्यातला एक शेंगदाणा उचलून चोळला, फोलपट फुंकलं. "मंग म्या आत आले. तुला इचारलं काय खाल्लं. तू काय बी म्हनली असतीस, म्या त्येच धरलं असतं. तू पपई म्हनलीस. बरं झालं म्हनलं. पपईला बोल लावला तर ती काय नोकरी सोडती व्हय?"

दिपालीनं पाट आणखी पुढं ओढला.

"माजं बी एक गेलं हुतं," बनाबाई म्हणाली. "सिद्धूच्या आदी. म्या तवा शेरडं घिऊन बाजारला जायाची, सांगुल्याला. एकलीच. भाव करायची, चार मानसं वळखायची, लई बरं वाटायचं. गेलं तवा सासू म्हनली, बाजारच्या पायपिटीनं गेलं. त्या दिसापास्नं माजा बाजार बंद. पुन्यांदा कदी गेलेच न्हाय. मला तवा कुनी इचारलं न्हाय, काय खाल्लं म्हनून."

बाहेर जोतिराम कुणाला तरी रामराम घालत होता.

"मला सांगायचं तरी," दिपाली म्हणाली. "मागनं, एकदा तरी. आत्या, मला वाटत हुतं मीच मारलं."

म्हातारीच्या हातातला शेंगदाणा खाली पडला. तिनं सुनेकडं असं बघितलं, की जणू हे तिच्या डोक्यात आजवर कधी आलंच नव्हतं. बहुधा आलंही नसेल. तिला वाटलं होतं, पपईला लावलेला बोल पपईलाच लागतो.

"तसं म्हनून न्हवतं गं बोलले म्या," ती पुटपुटली. "पोरी, तसं न्हवतं."

दिपालीनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "मग तुमी स्वतः मानता का न्हाय? पपईचं?"

बनाबाईनं विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला. "आता काय सांगू? आदी मानत हुतेच की. सगळीच मानत्यात. मग तुज्या येळंला तोंडानं घोकून घोकून जास्तच मानाया लागले. आता तू म्हनतीस डॉक्टरीण न्हाय म्हनली. आसंल बाई. पर तू खाऊ नगंस."

दिपालीला हसावं की रडावं कळेना. सासूच्या पाया पडावं की तिला धरून गदागदा हलवावं, तेही कळेना. हिनं आपली नोकरी राखली. हिनंच आपली दोन वर्षं खाल्ली. दोन्ही एकाच तोंडानं, एकाच शब्दानं. रात्री सिद्धनाथला तिनं ते सांगायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं, कारण आपण सासूची तक्रार करतोय की तारीफ, याचा तिलाच पत्ता लागेना. "तवा मामांनी माझी नोकरी सोडाया लावली असती, तर तुमी न्हाय म्हणाला असता का?" एवढंच तिनं विचारलं. सिद्धनाथनं चादर ओढून सारखी केली. मग म्हणाला, "म्हनलो असतो असं वाटतं." ते खरं होतं का, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पुढचे महिने ती जेवत राहिली. सगळी भीती गेली असं नव्हे. एखाद्या दिवशी तिळाचा घास ती पाण्याबरोबर ढकलायची. महानंदाचा फोन आला की ऐकायची आणि "बरं" म्हणायची. बनाबाईनं केशर बंद केलं नाही, आणि दिपालीनंही पेला नाकारला नाही. चव आवडायला लागली होती. रक्त हळूहळू वाढलं. कशानं वाढलं, त्यावर घरात दोन मतं होती. गोळ्यांनी, असं दिपालीचं. बनाबाई म्हणायची, हुलग्यानं.

श्रावणात ती मैंदर्गीला गेली आणि अक्कलकोटच्याच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. सावळी, ठणठणीत, आवाज असा की शेजारच्या खोलीतली बाळंतीण दचकून उठली. बघायला आलेल्यांनी आपापलं श्रेय घेऊन टाकलं. इमामबी खजुराचं बोलली. मल्लव्वा माडग्याचं. महानंदानं फोनवर विचारलं, "गहू सोडला होता ना वहिनी? बघा आता." दिपालीनं त्या दिवशी सकाळीच शिरा खाल्ला होता.

तिला वाटलं होतं, आता सुटले. पण बाळंतपण म्हणजे दुसरा अध्याय निघाला. पाणी कोमटच प्यायचं, भात खायचा नाही, डाळ खाल्ली तर बाळाच्या पोटात वारा धरतो, मेथी खा, मेथी नको, दूध आटतं. सोलापूरला परत आल्यावर मुलगी संध्याकाळ झाली की रडायला लागायची, लालबुंद होऊन, मुठी आवळून. बनाबाई म्हणायची, तू हरभरा खाल्लास म्हणून. दुसऱ्या दिवशी हरभरा नव्हता, तरी रडली. तेव्हा बटाटा निघाला. दिपालीनं डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रडतात बाळं या वयात, काही महिन्यांत थांबतं. "कशानं रडतात?" "नक्की सांगता येत नाही हो." दिपालीनं फोन खाली ठेवला आणि पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

अशाच एका संध्याकाळी पोरगी कुणाच्याच हातात राहीना. शेवटी जोतिराम आत आला. म्हातारा सहसा बाळाला घेत नसे, आपले हात राठ आहेत म्हणायचा. त्यानं घोंगडीची घडी खांद्यावर टाकली, तिच्यावर पोरीला आडवी घेतली आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. तोंडानं मेंढरांना हाकारताना काढतात तसा आवाज. पोरगी हुंदके देत देत गप्प झाली. बनाबाई आणि दिपाली उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

फिरता फिरता तो सुनेसमोर थांबला. तिच्याकडं न बघता, खांद्यावरच्या पोरीकडं बघत म्हणाला, "ड्यूटीवर कवा हजर व्हायाचं हाय?"

दिपालीनं सासूकडं बघितलं. बनाबाईचा चेहरा कोरा. म्हातारा जा म्हणून विचारतोय, की आता कसली जातेस म्हणून, त्याच्या आवाजावरून काही कळत नव्हतं. कदाचित त्याचं त्यालाही ठरलेलं नसावं.

"रजा संपली की, मामा," ती म्हणाली.

"हं," जोतिराम म्हणाला, आणि पोरीला घेऊन पुन्हा अंगणाच्या पलीकडच्या टोकाकडं चालायला लागला.